नॉराथचा प्लॅटिनम आणि काराकासचा बोलिव्हार

ऑगस्ट २०१७ मध्ये जगभर एक बातमी फिरली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकावरच्या खेळातले सोन्याचे नाणे व्हेनेझुएलाच्या बोलिव्हारपेक्षा महाग झाले होते. हिशेब साधा होता. एका अमेरिकी डॉलरमागे खेळातली सुमारे ८,३८५ नाणी मिळत होती, आणि व्हेनेझुएलाची राजधानी काराकासच्या काळ्या बाजारात त्याच एका डॉलरसाठी सुमारे १२,१९७ बोलिव्हार मोजावे लागत होते. म्हणजे राक्षस मारून मिळणाऱ्या, कुठल्याही सरकारची मोहोर नसलेल्या एका नाण्याला जवळपास दीड बोलिव्हार पडत होते.

बातमी खरी होती. तिच्यातून लोकांनी काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा. त्याच महिन्यात एका डॉलरला साधारण १३,३०० इंडोनेशियन रुपिया आणि २२,७०० व्हिएतनामी डाँग मिळत होते. खेळातले नाणे या दोन्ही चलनांपेक्षाही महाग होते. पण जाकार्तात किंवा हनोईत त्यावरून कुणी चिंता केली नाही, आणि करण्याचे कारणही नव्हते. इंडोनेशियातली महागाई त्या वर्षी चार टक्क्यांच्या आसपास होती. रुपियावर शून्ये जास्त असतात, एवढेच. आपल्याकडेही तेव्हा लोक डॉलर ६४ रुपयांना मिळतो म्हणून रुपया दुबळा ठरवत होते, पण त्याच महिन्यात जपानी येन साठ पैशांच्या आतच होता याचा त्यांना विसर पडत होता. येन रुपयापेक्षा स्वस्त म्हणून जपान गरीब ठरत नाही.

चलनाचा एक नग दुसऱ्या चलनाच्या एका नगाशेजारी ठेवून त्याच्या प्रकृतीबद्दल काहीच कळत नाही. किंमत कोणत्या दिशेला आणि किती वेगाने सरकते आहे, हे पाहावे लागते. तसे पाहिले तर २०१७ची ती बातमी जास्त गंभीर वाटू लागते. वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत २० डॉलरचे एक ‘टोकन’ विकायला काढले. ते विकत घ्यायचे, खेळातल्या बाजारात दुसऱ्या खेळाडूला विकायचे आणि बदल्यात सोने घ्यायचे. पहिल्या दिवशी टोकनला ३०,००० नाणी मिळत होती, म्हणजे डॉलरला १,५००. बोलिव्हार तेव्हा काळ्या बाजारातही डॉलरला तीनशेच्या आत होता. पुढच्या सव्वादोन वर्षांत खेळातल्या सोन्याची किंमत घसरून साडेपाचाव्या हिश्श्यावर आली. कुठल्याही देशाच्या चलनासाठी ही भयंकर घसरण ठरली असती. तरीही बोलिव्हार त्याच्या मागे पडला, कारण त्याच काळात त्याची किंमत चाळिसाव्या हिश्श्यापेक्षाही खाली गेली होती. शर्यत दोन पडणाऱ्यांची होती. त्यांतला एक पायऱ्यांवरून घरंगळत होता आणि दुसरा कड्यावरून कोसळला होता.

आणखी एक गोष्ट त्या बातमीत बहुतेकांनी वगळली. व्हेनेझुएलात तेव्हा एकाच वेळी तीन दर होते. अन्न आणि औषधांच्या आयातीसाठी सरकारी दर डॉलरला १० बोलिव्हार. सरकारी लिलावातला दर तीन हजारांच्या आसपास. आणि रस्त्यावरचा दर १२ हजारांवर. सरकारी दर धरला असता तर बोलिव्हार खेळातल्या सोन्यापेक्षा कितीतरी महाग होता. पण त्या दराने सामान्य माणसाला डॉलर मिळत नव्हता. ज्या दराने प्रत्यक्ष देवघेव होत नाही तो दर कागदावर कितीही छापला तरी तो भाव नव्हे. उलट खेळातल्या नाण्याच्या भावाला कुणाचा शिक्का नव्हता, पण त्या भावाने घेणारा आणि विकणारा दोघेही हजर होते. या अर्थाने ते नाणे बोलिव्हारपेक्षा अधिक प्रामाणिक होते, असे मला वाटते.

हा विचार त्या बातमीच्या सोळा वर्षे आधी एका अर्थशास्त्रज्ञाने गांभीर्याने मांडला होता. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या विद्यापीठात शिकवत होता. ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ १९९९ मध्ये सुरू झाला होता. त्यातल्या काल्पनिक जगाचे नाव नॉराथ. तिथे तांबे, चांदी, सोने आणि प्लॅटिनम अशी चढती नाणी चालत. दहा तांब्याची एक चांदी, दहा चांदीचे एक सोने, दहा सोन्याचे एक प्लॅटिनम. खेळाडू ही नाणी आणि खेळातल्या वस्तू लिलावाच्या संकेतस्थळांवर खऱ्या डॉलरना विकत. खेळ चालवणाऱ्या कंपनीला ते मान्य नव्हते, तरीही विक्री चालूच होती. कॅस्ट्रोनोव्हाने त्या सौद्यांचे भाव गोळा केले आणि डिसेंबर २००१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला.

त्याच्या हिशेबाने एका प्लॅटिनम नाण्याची किंमत १.०७ सेंट होती. डॉलर तेव्हा ४७ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे नॉराथचे सर्वांत मोठे नाणे आपल्या पन्नास पैशांचे. पण ते येनपेक्षा महाग होते आणि इटालियन लिरापेक्षा तर कितीतरी पटींनी महाग होते. हीच तुलना वृत्तपत्रांनी उचलली. माझ्या मते निबंधातला हा सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. खरी कामगिरी पुढे आहे. खेळाडू तासन्‌तास खेळून आपले पात्र बलवान करतो, आणि असे तयार पात्र लिलावात विकले जाते. म्हणून पात्राच्या बाजारभावावरून आणि ते घडवायला लागलेल्या तासांवरून एका तासाच्या श्रमाची किंमत काढता येते. ती निघाली ३.४२ डॉलर. अमेरिकेतले किमान वेतन तेव्हा तासाला ५.१५ डॉलर होते. नॉराथच्या सगळ्या रहिवाशांचे उत्पादन याच रीतीने मोजले तर माणशी वर्षाला २,२६६ डॉलर येत होते. रशिया आणि बल्गेरियाच्या पंगतीत बसेल अशी ही रक्कम होती. भारताचे दरडोई उत्पन्न त्या वर्षी ५०० डॉलरच्याही खाली होते.

आकड्यांच्या मागचा मुद्दा कॅस्ट्रोनोव्हाने नीट ओळखला होता. नॉराथमधली तलवार खोटी आहे, पण ती मिळवायला माणसाने दिलेला तास खरा आहे. दुसऱ्या कुणाला तो तास वाचवायचा असेल तर तो त्यासाठी डॉलर मोजतो. खेळातल्या पैशाला किंमत येते ती या वाचलेल्या वेळातून. त्यामागे सोन्याचा साठा नसतो. सरकारी हमी नसते. कर भरण्याची सक्तीही नसते. आपला रुपया भारतात चालतो त्याचे एक मोठे कारण असे की सरकार कर रुपयांतच घेते. नॉराथमध्ये प्लॅटिनम चालत होता कारण तो मिळवणे कंटाळवाणे होते.

म्हणूनच खेळातला पैसा कुठे जन्माला येतो आणि कुठे मरतो, याकडे खेळ बनवणाऱ्यांना डोळ्यांत तेल घालून बघावे लागते. रिझर्व्ह बँक नवा पैसा बाजारात आणते तेव्हा त्याच्या बदल्यात परकीय चलन, रोखे किंवा कर्ज तिच्या वहीत जमा होते. खेळात मेलेल्या राक्षसाच्या खिशातून निघालेली नाणी त्याच क्षणी शून्यातून तयार होतात. त्या अर्थाने प्रत्येक खेळाडूच्या हातात टांकसाळ आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीच्या ‘रूनस्केप’मध्ये एक मंत्र आहे. तो उच्चारला की वस्तू नाहीशी होते आणि ठरलेली नाणी हातात येतात. लाखो लोक दिवसरात्र तो मंत्र वापरतात. दुसऱ्या बाजूने पैसा गिळणारी गटारे खणावी लागतात. तलवार दुरुस्त करायला पैसे, उडत्या वाहनाने गावोगाव जायला पैसे, लिलावात विक्री झाली की कमिशन. वॉरक्राफ्टच्या लिलावघरात हे कमिशन पाच टक्के आहे. ते कुणाच्या खात्यात जमा होत नाही, फक्त पुसले जाते. २०१८ मध्ये त्या खेळात ५० लाख सोन्याच्या नाण्यांना मिळणारा एक अवाढव्य प्राणी आणला गेला. श्रीमंत खेळाडूंच्या खात्यांत साठलेले सोने बाहेर काढून नष्ट करण्याचा तो उपाय होता. रूनस्केपच्या जुन्या आवृत्तीत डिसेंबर २०२१ मध्ये बाजारातल्या विक्रीवर एक टक्का कर बसला. त्यातल्या काही पैशातून कंपनी बाजारातल्या वस्तू स्वतः विकत घेऊन नष्ट करते, म्हणजे त्यांचे भाव पडत नाहीत.

गटारे तुंबली की काय होते ते ब्लिझर्डच्याच ‘डायब्लो ३’ या खेळात दिसले. २०१२ मध्ये त्यात खऱ्या पैशांचे लिलावघर उघडले. तिथे खेळातले सोने अधिकृतपणे डॉलरना विकता येई, पण एका गठ्ठ्याची किंमत २५ सेंटपेक्षा खाली आणता येत नसे. गठ्ठा होता दहा लाख नाण्यांचा. सोने इतके झाले की बाहेरच्या काळ्या बाजारात त्याचा भाव या तळाच्याही खाली गेला. अधिकृत दर एक आणि खरा दर दुसरा, ही काराकासची स्थिती तिथे आधीच येऊन गेली होती. मे २०१३ मध्ये कंपनीने गठ्ठा एक कोटी नाण्यांचा केला. तेव्हा संगणकाच्या आज्ञावलीत एक जुनी मर्यादा उघडी पडली. २ अब्ज १४ कोटींच्या पलीकडचा आकडा तिला मोजता येत नव्हता. त्यातून काही खेळाडूंनी काही तासांत प्रचंड सोने फुकट निर्माण केले. बाजार बंद करावा लागला आणि मार्च २०१४ मध्ये लिलावघर कायमचे मिटले.

आता ज्या दरांवर या सगळ्या तुलना उभ्या राहतात त्या दरांकडे वळू. प्रत्येक खेळाच्या पैशाला दर असतोच असे नाही. भारतात लाखो मुले मोबाइलवर बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळतात आणि त्यातली ‘यूसी’ किंवा ‘डायमंड’ रुपये देऊन घेतात. पण उरलेली यूसी परत देऊन रुपये मिळत नाहीत. वाट एकाच दिशेची आहे. त्यामुळे यूसीला विक्रीची किंमत आहे, विनिमय दर नाही, आणि तिची रुपयाशी तुलना करणे म्हणजे सिनेमाच्या तिकिटाची रुपयाशी तुलना करणे होय. पालकांनी हा फरक मुलांना जरूर समजावून सांगावा. पडद्यावर ‘शिल्लक’ असे लिहिलेले असले तरी तो पैसा आधीच खर्च झालेला असतो.

दोन्ही दिशांनी उघडी वाट लिंडेन लॅब कंपनीने ‘सेकंड लाइफ’मध्ये ठेवली. तिथला लिंडेन डॉलर कंपनीच्याच बाजारात खऱ्या डॉलरना विकता येतो आणि वर्षानुवर्षे एका अमेरिकी डॉलरला अडीचशेच्या आसपास असा तो टिकून आहे. भाव चढू लागला की कंपनी नवे लिंडेन डॉलर विकते आणि तो खाली आणते. हे काम मध्यवर्ती बँकेचेच आहे. म्हणून बँकांचे रोगही तिथे आले. जबर व्याज देणारी गिन्को फायनान्शियल नावाची एक ‘बँक’ त्या जगात उभी राहिली आणि ऑगस्ट २००७ मध्ये बुडाली. ठेवीदारांना दाद मागायला जागा नव्हती. जानेवारी २००८ मध्ये लिंडेन लॅबने परवान्याशिवाय व्याज देण्यावर बंदी घातली.

या दोहोंच्या मधली वाट आइसलँडच्या सीसीपी कंपनीने काढली. तिच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळाच्या चलनाचे लघुरूप ‘आयएसके’, आणि आइसलँडच्या क्रोनाचे जागतिक लघुरूपही तेच. २००७ मध्ये कंपनीने एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाला खेळाची अर्थव्यवस्था पाहण्यासाठी नेमले. तो महागाईचे निर्देशांक काढू लागला, तिमाही अहवाल लिहू लागला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या आणि खऱ्या क्रोनाची दाणादाण उडाली. एकाच लघुरूपाच्या दोन चलनांपैकी आकडेवारी उघड ठेवून सांभाळलेले चलन खेळातले निघाले.

ईव्हमध्ये खेळाचे शुल्क भरण्याचे कूपन डॉलर देऊन घेता येते आणि खेळातल्या बाजारात आयएसकेला विकता येते. उलटा व्यवहार कंपनी करू देत नाही. तरी या कूपनाच्या आधारे सगळ्या खेळाची किंमत डॉलरमध्ये सांगितली जाते. जानेवारी २०१४ मध्ये एका गटाकडून तारामंडळाचे ठरलेले भाडे भरायचे राहिले आणि त्यातून हजारो खेळाडूंची एकवीस तासांची लढाई पेटली. ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. नुकसान सुमारे ११ लाख कोटी आयएसके, म्हणजे तीन लाख डॉलर, असे सगळीकडे छापून आले. हा आकडा वाचताना थोडे थांबावे. तीन लाख डॉलर ही ती जहाजे कूपने घेऊन पुन्हा उभी करायला लागली असती ती रक्कम आहे. ती जहाजे आदल्या दिवशी विकून कुणालाही तीन लाख डॉलर मिळाले नसते. घेताना भाव असणे आणि विकताना भाव असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅस्ट्रोनोव्हाच्या नॉराथच्या उत्पन्नालाही हीच मर्यादा लागू होते.

चीनमध्ये प्रश्न उलट्या बाजूने आला. टेन्सेन्ट कंपनीचे ‘क्यू नाणे’ एक युआनला एक असे विकले जाई. लोक त्याने टेन्सेन्टच्या बाहेरच्याही वस्तू घेऊ लागले, जुगार खेळू लागले. २००७ मध्ये चीनच्या मध्यवर्ती बँकेने चिंता व्यक्त केली आणि जून २००९ मध्ये खेळातल्या पैशाने खऱ्या वस्तू घेण्यावर सरकारने बंदी घातली. खेळातले चलन देशाच्या चलनाची जागा घेऊ शकते, हे सरकारने त्या दिवशी मान्य केले, असेच मी म्हणेन.

व्हेनेझुएलात ती जागा रिकामीच झाली होती. २०१७ आणि २०१८ मध्ये तिथले किमान मासिक वेतन काळ्या बाजाराच्या दराने काही थोड्या डॉलरांवर आले होते. रूनस्केपची जुनी आवृत्ती २००७च्या काळातली, त्यामुळे ती कसल्याही जुन्या संगणकावर आणि मंद इंटरनेटवर चालते. वीज जवळजवळ फुकट होती, फक्त ती वारंवार जात होती. तरुण मुले, नोकरी गेलेले बाप, कधी कधी सगळे घर पाळीने खेळायला बसू लागले. खेळातल्या एका उजाड प्रदेशात हिरवे ड्रॅगन असतात. ते मारायचे, त्यांची हाडे आणि कातडी गोळा करायची, बाजारात विकायची आणि नाणी परदेशी गिऱ्हाइकांना द्यायची. तासाला साधारण पाच लाख नाणी हाती येत, आणि दहा लाख नाण्यांना बाहेर जेमतेम एक डॉलर मिळे. तासाला अर्धा डॉलर. कॅस्ट्रोनोव्हाने नॉराथमध्ये मोजलेल्या मजुरीच्या सातव्या हिश्श्याएवढा हा मोबदला होता, आणि तरीही दिवसभराच्या अशा कामातून देशातल्या महिन्याच्या किमान वेतनाएवढे पैसे सुटू शकत होते.

या मजुरांकडे इतर खेळाडू दयेने पाहत नव्हते. खेळात असे सोने विकणे नियमाविरुद्ध आहे, आणि जास्त सोने आले की सगळ्यांच्याच साठ्याची किंमत घटते. तो उजाड प्रदेश एका खेळाडूला दुसऱ्याला मारू देतो. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे व्हेनेझुएलाच्या माणसांना हेरून मारायचे कसे, याची एक मार्गदर्शिकाच कुणीतरी लिहून प्रसिद्ध केली. मारला गेलेला ड्रॅगन-मजूर खेळात पुन्हा जिवंत होत होता, पण गोळा केलेली हाडे-कातडी मारणाऱ्याच्या हाती जात होती आणि त्यामागे त्याच्या घरचे रात्रीचे जेवण होते. आर्थिक तुलनांच्या तक्त्यात ही गोष्ट कुठे मांडायची हे मला उमगत नाही, पण ती वगळून हे प्रकरण लिहिणे मला पटले नसते.

२० ऑगस्ट २०१८ रोजी व्हेनेझुएलाने बोलिव्हारची पाच शून्ये काढून टाकली. २००८ मध्ये तीन काढली होतीच, पुढे २०२१ मध्ये आणखी सहा काढली. नव्या बोलिव्हारचा सरकारी दर डॉलरला ६० ठरला. वॉरक्राफ्टची नाणी तेव्हा डॉलरला दहा हजारांच्या आसपास होती. म्हणजे आदल्या दिवशी खेळातल्या नाण्यापेक्षा शेकडो पटींनी स्वस्त असलेला बोलिव्हार एका रात्रीत त्याच्यापेक्षा दीडशे पटींहून महाग झाला. दुकानात मात्र पीठ मिळाले नाही. मध्यवर्ती बँकेच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणेही त्या वर्षीची महागाई १ लाख ३० हजार टक्क्यांवर गेली.

ड्रॅगन मारणाऱ्यांनी हे सगळे आकडेमोडीविना ओळखले होते. ते बोलिव्हार साठवत नव्हते, कारण तो आठवड्यात विरघळत होता. ते रूनस्केपचे सोनेही फार काळ साठवत नव्हते, कारण जॅगेक्स कधीही खाते बंद करू शकत होती. तसे झाले की वर्षभराची कमाई क्षणात जाई, कारण करारानुसार ती नाणी कंपनीच्याच मालकीची. सोने मिळाले की ते विकायचे, मोबदला डॉलरमध्ये किंवा बिटकॉइनमध्ये घ्यायचा, आणि बाजारात जायची वेळ आली की लागेल तेवढ्याचेच बोलिव्हार करायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निकोलस मादुरो यांनी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत देशात डॉलर चालू लागल्याचे स्वागत केले. तोवर काराकासच्या अनेक दुकानांत भाव डॉलरमध्येच लावलेले होते.